‘आज नको, दीदी’

अकरावीच्या वर्गाला बॉईलचा नियम मी गेली एकवीस वर्षं शिकवते आहे. सिरिंजचं तोंड बोटाने बंद करायचं, दट्ट्या दाबायचा आणि आतली हवा आकसलेली दाखवायची. दाब दुप्पट झाला की आकारमान निम्मं. मुलांना लगेच पटतं. मला स्वतःला तो नियम पुरता पटला तो मालवणच्या समुद्रात, डाव्या कानाच्या पडद्यावर.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं सांगलीहून मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ला पाहून परतताना मुलांनी स्कूबाचा हट्ट धरला आणि त्यांच्याबरोबर मीही नाव दिलं. होडीतच पाच-सहा मिनिटांत सूचना उरकल्या. तोंडाने श्वास घ्या, रबर दातात घट्ट धरा, कान दुखला तर नाक दाबून फुंका, ही खूण म्हणजे ठीक, ही खूण म्हणजे वर. “घाबरू नकात ताई, काय एक होवचा नाय,” असं म्हणून तो तरुण मला घेऊन उतरला. दोन-तीन मीटरवर कान ठणकायला लागला. मी कानाकडे बोट दाखवलं. त्याने नाक दाबायची खूण केली. मी सगळा जोर लावून फुंकलं, तसं दुखणं वाढलं. पुन्हा कानाकडे बोट दाखवलं, तर त्याने बोटांचं वर्तुळ करून ‘ठीक’ची खूण केली आणि मला आणखी खाली नेलं, कारण खाली कॅमेरावाला वाट पाहत होता. माझ्याकडे तो व्हिडिओ आहे. मासे सुंदर आहेत, आणि मी एका हाताने कान धरला आहे.

सांगलीला परतल्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. पडद्यामागे रक्त साकळलं होतं. महिनाभर कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

त्या तरुणाबद्दल माझ्या मनात राग नाही. पाण्यात तो माशासारखा वावरत होता. त्या दिवशी माझ्याआधी त्याने किती पर्यटक खाली-वर केले होते कोण जाणे. पण पोहणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, हे मला शिक्षक म्हणून आधीच सुचायला हवं होतं. आमच्या गावच्या विहिरीत पोरांना पोहायला शिकवणारी दोन माणसं होती. माझे काका पट्टीचे पोहणारे. ते पोराला उचलून सरळ पाण्यात टाकायचे. वडील बेताचेच पोहायचे. ते पाठीला रिकामा डबा बांधायचे, पहिले दोन दिवस नुसतं पायरीवर बसवून पाण्यात तोंड घालायला लावायचे आणि पोर स्वतःहून “सोडा” म्हणेपर्यंत हात सोडायचे नाहीत. काकांच्या हाताखाली शिकलेल्यांतले दोघे आजही विहिरीच्या काठाला फिरकत नाहीत.

कान बरा होत असताना मी वाचायला बसले. समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढा आणखी एक दाब दहा मीटर पाणी देतं. म्हणजे दहा मीटरवर दुप्पट, वीसवर तिप्पट. पण नीट पाहिलं तर सगळ्यांत मोठा बदल पहिल्या दहा मीटरमध्येच होतो. शून्य ते दहा मीटरमध्ये हवा आकसून निम्मी होते. दहा ते वीसमध्ये ती निम्म्यावरून मूळच्या एक तृतीयांशावर येते. ‘उथळच आहे, काही होत नाही’ हे वाक्य त्यामुळे साफ चूक आहे. नवख्या माणसाचे कान दुखावतात ते उथळ पाण्यात. वर येताना श्वास रोखला तर फुप्फुसं दुखावतात तीही तिथेच, कारण दहा मीटरवर भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. हे सगळं मला फळ्यावर मांडता येत होतं. तरीही पाण्यात मी जोर लावून फुंकले होते. कान दुखायला लागल्यावर फुंकायचं नसतं. आधी थोडं वर यायचं, मग हलकेच फुंकायचं, आणि मुळात दुखायच्या आधीपासूनच दर अर्ध्या-एक मीटरला कान मोकळे करत जायचे. ही तीन वाक्यं मला कुणी सांगितली असती तर महिना वाया गेला नसता.

तेव्हाच ठरवलं की पुन्हा उतरायचं, पण नीट शिकून.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. आपल्याकडे पाडी आणि एसएसआय ही नावं जास्त ऐकू येतात. पाडी १९६६ सालची, एसएसआय १९७० ची, दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या. सुरुवातीचा कोर्स ‘ओपन वॉटर’. तो झाला की जोडीदाराबरोबर अठरा मीटरपर्यंत उतरायची मुभा मिळते. कोणती संस्था चांगली यावर लोक तावातावाने बोलतात. मी आठवडाभर त्यात डोकं घातलं आणि मग सोडून दिलं. दोन्हींचा हा कोर्स एकाच आंतरराष्ट्रीय मानकात बसतो. बोर्ड कोणतं यापेक्षा वर्गावर कोण येतंय हे महत्त्वाचं, एवढं तर मला माझ्या नोकरीने शिकवलं आहेच.

वर्गावर कोण येणार, हे विचारायला मी फोन करायला घेतले. डिसेंबर-जानेवारीत मिळून नऊ ठिकाणी केले: गोवा, पुद्दुचेरी, मुरुडेश्वर, अंदमान. नऊपैकी सहा ठिकाणी फोन उचलणाऱ्याला मला नेमकं कोण शिकवणार ते सांगता आलं नाही. “आमचे सगळेच इन्स्ट्रक्टर अनुभवी आहेत, मॅडम.” एका ठिकाणी नाव सांगितलं, पण थोडं खोदल्यावर कळलं की ते गृहस्थ डाइव्हमास्टर आहेत. डाइव्हमास्टर म्हणजे प्रमाणपत्र असलेल्या लोकांना समुद्रात फिरवून आणणारा, इन्स्ट्रक्टरला मदत करणारा. ओपन वॉटरचा कोर्स शिकवायचा अधिकार इन्स्ट्रक्टरलाच असतो. हा फरक मला तोवर ठाऊक नव्हता आणि समोरच्यानेही आपणहून सांगितला नाही. प्रत्येक इन्स्ट्रक्टरला संस्थेचा क्रमांक असतो. पाडीच्या संकेतस्थळावर तो टाकला की त्या माणसाला सध्या शिकवण्याची परवानगी आहे की नाही ते दिसतं. मी दोघांचे क्रमांक मागितले. एकाने लगेच पाठवला. दुसऱ्याच्या आवाजात नाराजी आली. क्रमांक विचारल्याने ज्याचा अपमान होतो त्याच्याकडे शिकायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

पुढचा प्रश्न होता एका वेळी किती विद्यार्थी असतात. पाडीच्या नियमाने या कोर्सला समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे आठपर्यंत चालतात. आठ! वर्गात साठ मुलं सांभाळणारी मी, पण पाण्याखाली आठ नवखी माणसं, त्यातल्या एकाचा मास्क पाण्याने भरला, दुसऱ्याचा कान दुखतोय, तिसरा नकळत वर चाललाय, अशा वेळी एक माणूस काय-काय पाहील? नियमात बसतं म्हणून ते चांगलं ठरत नाही. मला चारच्या आत हवे होते. दिवसांचंही तसंच. तीन दिवस बहुतेकांनी सांगितले. एकाने दोन सांगितले आणि वर फी आठ हजारांनी कमी केली.

होडीवर ऑक्सिजनची सोय आहे का, हेही मी प्रत्येकाला विचारलं. डाइव्हिंगच्या अपघातात किनाऱ्यावर पोचेपर्यंत शुद्ध ऑक्सिजन देणं हाच पहिला उपचार असतो, म्हणून तो होडीतच हवा. काहींनी “ऑक्सिजन? हो हो, सिलिंडर असतात ना” असं उत्तर दिलं. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये आपण डाइव्ह करताना घेतो ती साधी दाबलेली हवा असते. ऑक्सिजन आणि हवा यांतला फरक जिथे फोनवरच्या माणसाला ठाऊक नव्हता, तिथलं नाव मी खोडलं.

आणि मग आला तो फॉर्म. कोर्सच्या आधी प्रकृतीची माहिती भरून द्यावी लागते. पहिल्या पानावर दहा प्रश्न. बहुतेक प्रश्नांना ‘हो’ आलं की दुसऱ्या पानावरचे पोटप्रश्न, आणि तिथेही ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही. काहींना ‘हो’ आलं तर सरळ डॉक्टरांची सही. मी सेहेचाळीस वर्षांची. वय पंचेचाळीसच्या पुढे आहे का, हाही त्यातला एक प्रश्न. शिवाय नुकताच दुखावलेला कान. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दमा. लहानपणी बाळदमा होता. मोठेपणी गेला असं वाटलं होतं, पण त्याच्या आदल्या हिवाळ्यात पंधरा दिवस पंप घ्यावा लागला होता आणि जिना चढताना धाप लागत होती. हे मी एका केंद्राला जसंच्या तसं सांगितलं. तिथून उत्तर आलं, “मॅडम, सगळीकडे नो लिहा. नाहीतर डॉक्टर, सही, उगाच लांबण लागतं. सगळे तसंच करतात.” ते केंद्र कोणतं ते लिहीत नाही. बोलणं अगदी गोड होतं. माझं काम सोपं करून देतोय असंच त्या माणसाला वाटत असणार.

दमा आणि समुद्र यांचा संबंध पुन्हा त्याच नियमाशी आहे. दम्यात श्वासनलिका आकसतात. हवा आत जाते, पण बाहेर यायला तिला वेळ लागतो. खोलवर भरलेली हवा फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात अडकली आणि माणूस वर आला, तर ती फुगत जाते, आणि बाहेर पडायला वाट नसली तर फुप्फुस फाटू शकतं. ‘नो’ लिहिल्याने हे टळत नाही. तो फोन ठेवल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते. विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेत खोटं लिहायला सांगणारा शिक्षक मी अजून पाहिलेला नाही. इथे तर चुकीच्या उत्तराची किंमत जीव होती.

आठवा फोन अंदमानातल्या हॅवलॉकला लागला. २०१८ पासून त्या बेटाचं अधिकृत नाव स्वराज द्वीप आहे, पण तिथले लोकही अजून हॅवलॉकच म्हणतात. ज्यांनी फोन उचलला तेच शिकवणार होते. मी यादी काढून बसले होते, पण माझा दुसरा प्रश्न संपायच्या आतच त्यांनी विचारायला सुरुवात केली. पोहता येतं का? कुठे शिकलात? पाण्याखाली याआधी काय झालं? मी मालवणचं सांगितलं. कान कोणता, कधी दुखायला लागला, बाहेर आल्यावर ऐकायला कमी येत होतं का, चक्कर आली का? दम्याचं सांगितल्यावर ते थोडं थांबले. शेवटचा त्रास कधी झाला, कशाने होतो? थंडीने, धुळीने की धावल्याने? मग म्हणाले, “दीदी, मी तुम्हाला आत्ता हो म्हणणार नाही. छातीच्या डॉक्टरांना भेटा, कानाच्या डॉक्टरांनाही. फॉर्मबरोबर डॉक्टरांसाठी वेगळी पानं असतात, ती छापून न्या. ते नाही म्हणाले तर पैसे भरू नका, आपण नुसतं स्नॉर्कलिंग करू, वरूनच तोंड पाण्यात घालून मासे बघू.” पस्तीस मिनिटं बोलत होते, आणि फीचा विषय शेवटी मीच काढला.

माझ्या मनात निवड तिथेच झाली होती. तरी यादीतले राहिलेले प्रश्न विचारलेच. एका वेळी दोन, फार तर तीन विद्यार्थी. होडीवर ऑक्सिजनचा संच आहे. महिन्याला तपासतो, हवं तर आल्यावर उघडून दाखवतो. डाइव्हिंगच्या अपघातानंतर ज्यात ठेवून उपचार करतात तो दाबकक्ष पोर्ट ब्लेअरला नौदलाकडे. हॅवलॉकहून बोटीने दोनेक तास. हे शेवटचं उत्तर विचार न करता, लगेच आलं. कुठे, कसं न्यायचं, रात्र असेल तर कुणाला फोन करायचा, हे त्यांनी पूर्वीच ठरवून ठेवलेलं होतं. शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला जो कुठल्याच केंद्राने विचारला नव्हता: “परतीचं विमान कधीचं काढणार?” लागोपाठ अनेक डाइव्ह केल्यावर किमान अठरा तास विमानात बसायचं नसतं, अंगात विरघळलेला नायट्रोजन वरच्या कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर यायला लागतो. म्हणाले, “चार दिवस शिकायला, एक दिवस हातात आणि एक दिवस कोरडा. एवढी सुट्टी असेल तरच या.”

मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांनी असला फॉर्म कधी पाहिला नव्हता. ती पानं त्यांनी ठेवून घेतली, रात्री वाचली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. फुंकून श्वास मोजायची चाचणी झाली. मग ट्रेडमिलवर धाप लागेपर्यंत पळवून पुन्हा फुंकायला लावलं. आकडे चांगले होते. तरी म्हणाले, “अजून तीन महिने पंपाशिवाय जाऊ देत, मग पुन्हा करू.” केलं. मार्चअखेर सही मिळाली.

एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपवून निघाले. पुणे, चेन्नई, पोर्ट ब्लेअर, पुढे बोट. मी मुद्दाम एक दिवस आधी पोचले, कारण मला हॅवलॉकच्या त्या इन्स्ट्रक्टरांचा वर्ग बाहेरून बघायचा होता. फोनवर तसं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, “बघा ना, किनाऱ्यावर बसा.” आता कुणी मला सल्ला विचारला तर मी हीच गोष्ट आधी सांगते. फोनवर माणूस गोड बोलू शकतो, शिकवताना लपू शकत नाही.

छातीभर पाण्यात तिघं होते. एका मुलाला मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढायला जमत नव्हतं. तीनदा तो धडपडत उभा राहिला. चौथ्या वेळी आणखी एक प्रयत्न करायला न लावता सरांनी त्याला गुडघाभर पाण्यात आणून बसवलं, मास्क काढायला लावला आणि नुसतं तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घ्यायला सांगितलं. एवढंच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दरम्यान दुसऱ्या मुलीला सहायकाने वेगळ्या सरावाला घेतलं होतं; ती उगाच ताटकळत, घाबरत उभी नव्हती. दिसायला लहान गोष्टी आहेत. आणखी एक पाहिलं. मुलगा तरंगायला शिकत होता, जाकिटात हवा जास्त-कमी होत होती आणि तो वर-खाली जात होता. सर त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होते, पण त्याच्या जाकिटाच्या बटणाला त्यांनी हात लावला नाही. फळ्यावर चुकणाऱ्या मुलाच्या हातातून खडू काढून न घेणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे.

संध्याकाळी सामान धुताना तिथेच घुटमळले. सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणाऱ्या रेग्युलेटरच्या नळ्यांच्या टोकांना भेगा नव्हत्या. सिलिंडरवर चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती बघितली. झडप किंचित उघडून हवेचा वास घेतला. तिला वास नसावा, तेलाचा तर नसावाच. सर हसून म्हणाले, “आता उद्या प्रत्येक वेळी हे तुम्हीच करायचं.” वयाने ते माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे असतील. बेटावरच वाढलेले, घरी बंगाली बोलणारे. मी त्यांना सर म्हणत होते ते मनापासून.

माझ्याबरोबर बंगळूरहून आलेला एक तरुण होता. दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं विहिरीच्या पुण्याईने सहज झालं. थिअरीही सोपी गेली. पन्नास प्रश्नांच्या परीक्षेत माझे दोन चुकले. जड गेलं ते मास्क पूर्ण काढून परत घालणं. नाकाला पाणी लागलं की मालवण आठवायचं, श्वास तोकडा व्हायचा आणि मी उभी राहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तरुणाचं सगळं झालं होतं, माझं राहिलं होतं. मीच म्हटलं, “सर, समुद्रात गेल्यावर जमेल, चला.” ते म्हणाले, “आज नको, दीदी. जे इथे जमत नाही ते दहा मीटरवर जमत नाही.” त्या तरुणाला दुसऱ्या दिवशी सहायकासह मासे बघायला स्नॉर्कलिंगला पाठवलं आणि माझी अख्खी सकाळ गुडघाभर पाण्यात गेली. मास्कशिवाय, नळीने श्वास. मी मनात पाढे म्हणत होते. एकोणतीसचा पाढा संपला तेव्हा लक्षात आलं की बऱ्याच वेळापासून नाकातल्या पाण्याची आठवण झालेली नाही. मग खाली तरंगत मास्क काढला, घातला, फुंकून रिकामा केला. पाच वेळा. त्या जादा सकाळचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. फोनवर सांगितलेला ‘हातातला एक दिवस’ कशासाठी होता ते तेव्हा कळलं.

समुद्रातली पहिली डाइव्ह नेमो रीफला. किनाऱ्यावरूनच चालत आत जाता येतं, तळ हळूहळू खोल होत जातो. उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासायचं, हा क्रम ते स्वतः प्रत्येक वेळी पाळत. हजारो डाइव्ह केलेला माणूस माझ्यासारख्या नवशिकीकडून स्वतःचे पट्टे तपासून घेत होता. पाण्याखाली ते माझ्या डाव्या बाजूला राहिले, कारण माझा डावा कान. अर्धा मीटर, थांबा, कान. अर्धा मीटर, थांबा, कान. एकदा थोडं दाटल्यासारखं झालं, मी तळवा हलवून ‘गडबड आहे’ची खूण केली. त्यांनी लगेच मला हाताला धरून मीटरभर वर आणलं आणि थांबले. घाई नाही, पुन्हा-पुन्हा खुणा नाहीत. कान टिचकी वाजल्यासारखा मोकळा झाला. पुढे पाहते तर समुद्रफुलाच्या बोटांतून नारिंगी क्लाउनफिश डोकावत होते आणि कुठूनतरी कुरकुर असा आवाज येत होता. वर आल्यावर कळलं, पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते. वाळूपासून वर राहायचं, काही धरायचं नाही, कशाला लाथ लागू द्यायची नाही, हे त्यांनी निघण्याआधी दोनदा बजावलं होतं. २०१० साली पाणी तापून अंदमानातले प्रवाळ पांढरे पडले. ते त्यांनी शाळकरी वयात पाहिलं होतं. तुटलेली फांदी परत यायला किती वर्षं लागतात ते सांगताना त्यांचा आवाज बदलला. ज्याला त्या जागेची अशी काळजी आहे तो माणसाची काळजी घेणारच, असं मला वाटलं. हा तर्क पक्का नाही, पण त्यांच्या बाबतीत खरा ठरला.

तिसऱ्या डाइव्हला कान अडला. तीन मीटरवरच. वर आलो, पुन्हा उतरलो, पुन्हा अडला. त्यांनी अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ एकच, वर चला, आणि ती खूण कुणीही केली तरी वाद घालायचा नसतो. होडीत बसल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बंगळूरचा तरुण सहायकाबरोबर खाली होता आणि माझा दिवस फुकट गेला होता. सर पाण्याची बाटली देत म्हणाले, “आज नको, दीदी. कान उद्याही असणार आहे, समुद्रही.” संध्याकाळी त्यांनी माझ्या नोंदवहीत ती डाइव्हही लिहिली: तारीख, जागा, खोली तीन मीटर, वेळ सहा मिनिटं. शेऱ्याच्या जागी लिहिलं की कान मोकळा होत नव्हता, डाइव्ह थांबवली, विद्यार्थिनीने वेळेवर खूण केली. माझ्या वहीतलं सगळ्यांत आवडतं पान तेच आहे. मुलांच्या वहीत चूक गणिताच्या शेजारी आपण काय लिहितो, याचा मी त्यानंतर फार विचार केला.

पाचव्या दिवशी उरलेल्या दोन झाल्या. शेवटची सोळा मीटरपर्यंत. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. खाली निळं अथांग, वर चकाकतं छत, आणि माझे बुडबुडे वर जाताना मोठे-मोठे होत चाललेले. दर वर्षी फळ्यावर काढते तोच आलेख डोळ्यांसमोर तरंगत होता. मी सरांना बुडबुड्यांकडे बोट दाखवलं. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी मान हलवली.

सहावा दिवस कोरडा. निघताना मी विचारलं की पुढचा, तीस मीटरचा ‘ॲडव्हान्स्ड’ कोर्स आत्ताच नोंदवून ठेवू का, डिसेंबरसाठी. हातातलं गिऱ्हाईक होतं. म्हणाले, “नियम आड येत नाही, लगेच करता येतो. पण आधी आणखी दहा डाइव्ह करा. वेगवेगळ्या पाण्यात, वेगवेगळ्या माणसांबरोबर. कान काय म्हणतोय ते कळू दे. मग फोन करा.”

त्यांतल्या सहा झाल्या. चार मुरुडेश्वरहून नेत्राणीला आणि दोन, गेल्या दिवाळीत, मालवणला. तिथे होडीत बसायच्या आधी मी ऑक्सिजनचा संच दाखवायला सांगितला. त्यांनी दाखवला.